मिरीला कुठे न्यायचं

सोळा वर्षांच्या मुलीने "मला कंटाळा आलाय" म्हटलं, तर कुठले आईबाप घाबरतात? कुणी म्हणतं, मग कपाट आवर. कुणी म्हणतं, आम्हाला नव्हता बाई वेळ कंटाळायला. बरेच जण तर ऐकतच नाहीत. सोफेवाल्याच्या घरात मात्र हे शब्द कानावर पडले की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद व्हायचा आणि पुढच्या खोलीत पेपरचं पान अर्धवट उलटलेलं राहायचं.

कारण ती हे आधीही म्हणत होती. शाळेतून येऊन दप्तर टाकताना म्हणायची, ताटावर बसल्या बसल्या म्हणायची, सुट्टी लागल्यावर तर पलंगावर आडवी पडून छताकडे बघत म्हणायची. आणि तिचा बाप दर वेळी मान वर न करता "हं" म्हणायचा. मग एका दुपारी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. आईचं डोकं ठणकत होतं म्हणून ती कामावरून लवकर घरी आली, एवढ्यावर मुलगी वाचली.

मिरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा इवलीशी, सावळी, आणि रडायला लागली की घर डोक्यावर घ्यायची. आत्याने पाळण्यात डोकावून म्हटलं, "ही तर मिरी आहे मिरी, दिसते एवढीशी आणि झोंबते केवढी!" तेच चिकटलं.

बापाचं दुकान घराच्याच खाली होतं. जुने सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं असलं काय काय लोक आणून टाकत, आणि तो त्यांची कातडी सोलून, आतला फोम बदलून, पट्टे ताणून, वर नवं कापड चढवून देत असे. तोंडात छोटे खिळे धरून काम करायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याच्याशी बोलणाऱ्याला बहुतेक उत्तर "हं" असंच मिळायचं. मिरीलाही वर्षानुवर्षं तेच मिळालं होतं. दवाखान्यातून तिला घरी आणल्यापासून त्याने तोंडात खिळा धरला नव्हता. डबीतून एकेक उचलून ठोकायचा. काम निम्म्यावर आलं होतं.

मिरीला बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गोळ्या वेळेवर. एकटं सोडायचं नाही. खोलीच्या दाराची कडी काढून टाका. रागावू नका, खोदून खोदून विचारू नका. आणि निघता निघता म्हणाल्या, "रोज थोडा वेळ बाहेर काढा तिला. तिला बरं वाटेल असं काहीतरी शोधा जवळपास."

सोफेवाल्याने हे शेवटचं वाक्य घट्ट धरून ठेवलं. बाकीचं बहुतेक काय करायचं नाही याबद्दल होतं. हे एक करण्यासारखं होतं. गादी दबली तर फोम बदलायचा, पट्टा सैल झाला तर ताणायचा. तसं पोरीला करमत नसेल तर तिला करमेल अशी जागा शोधायची. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं, "तिला आवडतं काय ग?"

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर लोकांना कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते सांगायची. ती बराच वेळ विचार करत राहिली. "ससे," ती म्हणाली.

"ते सात वर्षांची असताना."

"मग मला नाही माहीत," ती म्हणाली आणि तोंड फिरवून ओट्याकडे वळली. ओटा पुसलेला होता, तरी परत पुसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून सोफेवाला दिसेल त्याला विचारत सुटला. सोळा वर्षांच्या मुलीला कुठे न्यायचं हो? न्हाव्याला विचारलं, पडद्यांच्या दुकानवालीला विचारलं, दाताच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांच्या खुर्च्या आतडी बाहेर काढून दुकानात पडल्या होत्या आणि त्यांचे पेशंट ठणकणारे दात घेऊन उभे राहत होते. डॉक्टर म्हणाले, "मुलीचं सांगतो, पण आधी खुर्च्यांचं सांगा." दुपार झाली की शटर खाली ओढायचा आणि मिरीला घेऊन निघायचा.

पहिल्या दिवशी तलाव. तिथे पायाने चालवायच्या बोटी होत्या, बदकाच्या आकाराच्या. बदकाचा एक डोळा कुणीतरी खरवडून काढला होता. मिरीने पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली. तो एकटाच पाय मारायला लागला. डाव्या हाताने त्याने तिच्या जॅकेटचं टोक धरून ठेवलं होतं, त्यामुळे वळवायच्या दांड्याला एकच हात उरला, तो दांडा एका बाजूला गेला तो गेलाच, आणि बदक जागच्या जागी गोल फिरायला लागलं. काठावरून बोटवाला ओरडला, "अहो सरळ करा, सरळ!"

"मजा येतेय ना?" त्याने धापा टाकत विचारलं.

"हो."

"खरंच?"

"बाबा, तो बोटवाला आपल्याला पाचव्यांदा दिसतोय."

तो हसला. जरा जास्तच हसला, कारण किती तरी दिवसांनी ती काही गमतीचं बोलली होती. मिरीने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मुठीतल्या आपल्या जॅकेटच्या टोकाकडे.

मग मातीकामाचा वर्ग. पडदेवालीने भरपूर कौतुक केलं होतं, फक्त तो वर्ग सहा ते नऊ वयाच्या मुलांचा आहे एवढं सांगायचं राहून गेलं होतं. बाईंनी मिरीला जिराफाचं चित्र असलेला एप्रन दिला, तो तिच्या कमरेपर्यंतच पोचला. शेजारच्या चिमुरड्याने तिला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "तू नापास झालीस का?"

मिरीने मातीचा एक गोळा केला. तासभर तोच हातात फिरवत बसली.

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "हे काय केलंस?"

"गोळा."

वाचनालयात वाचकांच्या बैठकीला नेलं, तिथे तीन निवृत्त माणसं खिडकी उघडी असावी की बंद यावर भांडत होती. भांडण संपल्यावर त्यांनी मिरीला, तुमच्या पिढीला वाचायला का आवडत नाही, असं विचारून घेतलं. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन पाहिलं. मासे पाहिले. एका बागेत झाडांवर नावाच्या पाट्या लावल्या होत्या, त्या सगळ्या वाचल्या. दर ठिकाणी तो विचारायचा, "कसं वाटलं?" दर वेळी ती म्हणायची, "बरं होतं." एखाद्या आजारी माणसाला भेटायला गेल्यावर आपण जसं बोलतो तसं ती त्याच्याशी बोलायची. सांभाळून.

घरी यायचं ते दाराला कडी नसलेल्या खोलीत. मिरी कपडे बदलायची ती कपाटाच्या उघड्या दाराआड. न्हाणीघरात गेली की बाहेर कुणीतरी उगाचच खोकायचं, आणि आतून ती सांगायची, "आहे." काही वेळाने परत खोकला. परत "आहे." हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप सुरू झालं होतं. तिघांनाही त्याची लाज वाटायची, पण थांबवायची हिंमत कुणात नव्हती.

एका जागेवर मात्र सोफेवाल्याची फार आशा होती. गावाच्या टोकाला भटक्या कुत्र्यांचं घर होतं. तिथे कुत्र्यांना फिरवायला, अंघोळ घालायला माणसं लागतात असं कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी निघताना मिरीने केस विंचरले. आरशासमोर उभी राहून, दोन वेळा. त्याने ते बघितलं.

तिथल्या माणसाने विचारलं, "अठरा पूर्ण आहेत?"

"सोळा."

"मग नाही जमणार."

"अहो, मी बरोबर थांबतो ना."

"नियम आहे."

सोफेवाल्याने त्याला बाजूला घेतलं. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, तरी त्याने केलं. आवाज खाली आणून म्हणाला, "जरा समजून घ्या. मुलगी बरी नाहीये. म्हणजे मनाने. मागे एकदा तिने..."

त्या माणसाने त्याच्या खांद्यावरून मिरीकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. चेहऱ्यावर कणवच आली. "मग तर नकोच," तो म्हणाला. "काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

बसमध्ये मिरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. "तुम्ही सांगितलंत त्याला."

"नाही ग."

"सांगितलंत."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठली नाही. केस धुतले नाहीत, कूस बदलली नाही. संध्याकाळी दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या बापाला ती भिंतीकडे बघूनच म्हणाली, "मला कंटाळा आलाय."

काहीतरी बोलायला हवं, लगेच, एका क्षणाचीही फट राहू न देता, म्हणून तोंडाला येईल ते तो बोलला. "पोहायला जाऊ या! लहानपणी किती छान पोहायचीस तू!"

तिने "नको" म्हटलं नाही.

स्वयंपाकघरात बायकोने त्याचा दंड धरला. "पाण्यात? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग कुठे नेऊ? सांग ना. तूच सांग एक जागा!" दोघंही कुजबुजत भांडत होती, ओरडायचं सगळं त्या कुजबुजीत कोंबून. "सगळं गाव पालथं घातलं मी. बदकात बसलो, मासे बघितले. आता कुठे नेऊ तिला?"

बायकोने त्याचा दंड सोडला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, लक्ष ठेवणारी माणसं असतील आणि तिची इच्छा असेल, तर पोहणं चांगलंच आहे.

तरणतलावाची इमारत बंदिस्त होती. मोठमोठ्या काचा, त्यांवर आतून साचलेली वाफ, आणि दारातच नाकात जाणारा औषधी पाण्याचा वास. तिकीट घ्यायला गेला तेव्हा खिडकीवरची पाटी त्याला दिसली. महिलांची वेळ. पुरुषांनी बाहेर थांबावे.

त्याने पाटी दोनदा वाचली. मागे मिरी उभी होती, खांद्याला बॅग. आता हिला परत घरी न्यायचं? परत एकदा सांगायचं, इथेही नाही?

"मी जाते," मिरी म्हणाली.

किती तरी दिवसांत ती आपणहून कुठे "जाते" म्हणाली नव्हती. त्याने तिकीट काढलं.

आतल्या दाराशी एक बाई बसलेली होती, टॉवेल आणि लॉकरच्या किल्ल्या देणारी. तो तिच्यापाशी गेला. या वेळी त्याने काही सांगितलं नाही, कुत्र्यांच्या घरात तो तेवढं शिकला होता. फक्त म्हणाला, "नवीन आहे हो. जरा लक्ष असू द्या."

"काळजी नको काका. बसा तिकडे."

बाकावर बसला. बाकाचं रेक्झिन एका कोपऱ्यात उसवलं होतं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. आतून शिटी ऐकू येत होती, गाणं वाजत होतं, बायकांचं हसणं. थोड्या वेळाने तो उठला आणि टॉवेलवालीला विचारून आला. "अहो, आत्ता तर गेली." परत बसला. परत उठला. "काका, तुम्ही पोरीला सोडलंय की विमानाला?" तो कसनुसा हसला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याचा चेहरा बघून ती मुकाट्याने उठली आणि आत गेली.

परत आली तेव्हा तिची चाल बदललेली होती. "पाण्यात दिसत नाहीये. कपडे बदलायच्या खोलीत पण नाही," ती म्हणाली. "बॅग लॉकरमध्येच आहे."

तो तिला ढकलून आत शिरला. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी "अहो, अहो!" म्हणालं, शिटी वाजली. त्याला बायका दिसल्याच नाहीत. त्याला फक्त पाणी दिसत होतं. उथळ बाजूला फुलाफुलांच्या टोप्या घातलेल्या बायका व्यायाम करत होत्या. खोल बाजूला कुणी नव्हतं. पाणी हलत होतं, आणि त्या हलत्या पाण्याच्या तळाशी, कोपऱ्यात, काहीतरी काळसर, लांबट पडलेलं होतं.

त्याने उडी मारली.

बुटांसकट, खिशातल्या मोजायच्या टेपसकट. सोफेवाल्याला पोहता येत नव्हतं. उभ्या आयुष्यात तो कमरेच्या वर पाण्यात गेला नव्हता. कानात एकदम मोठा आवाज झाला आणि मग काहीच नाही. त्याने डोळे उघडले, सगळं निळं आणि धूसर होतं. खाली जायचं होतं, पण वर कुठे, खाली कुठे कळेना. हात पसरले, हाताला काही लागेना. तोंड उघडून तो तिला हाक मारायला गेला आणि पाणी आत शिरलं.

मग काखेत कुणाचा तरी दणकट हात आला. पाण्यावर लक्ष ठेवणारी मुलगी एकीकडून आणि फुलाफुलांच्या टोपीतली एक जाडजूड बाई दुसरीकडून, अशा दोघींनी मिळून त्याला काठावर ओढून टाकलं. तो खोकत होता, ओकत होता आणि पाण्याकडे बोट दाखवत होता. "खाली... माझी... खाली आहे..."

"रबरी चटई आहे ती!" ती मुलगी ओरडली. "बुडी मारायच्या सरावाची चटई आहे!"

तेवढ्यात वरून हाक आली. "बाबा!"

वर, भिंतीच्या कडेने, स्पर्धा बघायला येणाऱ्यांसाठी पायऱ्या पायऱ्यांची बसायची जागा होती. रिकामी. तिच्या कठड्यावर मिरी अर्धी बाहेर वाकली होती. कपडेही बदललेले नव्हते. मग ती तिथून दिसेनाशी झाली, जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, आणि ती ओल्या फरशीवरून पळत, घसरत, गुडघ्यांवर आपटत त्याच्यापर्यंत पोचली. पोचली ती दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायलाच लागली.

"तुला पोहता येत नाही! पोहता येत नाही ना तुला! मरायचं होतं का तुला? मरायचं होतं का?"

लहान असताना ती त्याला "अरे बाबा" म्हणायची. मोठी झाली तसं "अहो" झालं. आज ते गळून पडलं होतं.

आणि तो शब्द. त्या दुपारपासून घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. आईने तर "मेला डबा उघडत नाही" म्हणणंसुद्धा सोडलं होतं. आता तो एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, सगळ्या बायकांच्या देखत, भिंतींवर आपटून परत परत ऐकू आला. मिरीलाही ऐकू आला. तिच्या मुठी थांबल्या.

टोपीवाल्या बाईने सगळ्यांना मागे सारलं आणि त्या दोघांना प्रथमोपचाराच्या खोलीत नेऊन बसवलं. त्याच्या अंगावर दोन टॉवेल टाकले, चहा आणून दिला आणि दार लोटून घेऊन ती गेली. बापलेक एका अरुंद पलंगावर शेजारी शेजारी बसली. त्याच्या बुटांतून पाणी निथळून फरशीवर पसरत होतं.

"मला वाटलं, खाली तू आहेस," तो म्हणाला.

"मी वर होते."

"वर काय करत होतीस?"

"बसले होते." ती गुडघा चोळत होती. "तिथे माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. बाबा, किती दिवस झाले, सारखं कुणी ना कुणी बघतच असतं माझ्याकडे. झोपले तरी बघता. मी डोळे मिटून पडलेली असते, मला कळतं."

खोटं नव्हतं.

"त्या बायका भांडत होत्या व्यायाम करता करता," ती म्हणाली. "एक म्हणत होती, माझ्या बाजूला पाणी थंड आहे. मी ते बघत बसले होते. आणि तुम्ही आलात."

"तू कंटाळा आलाय म्हणतेस ना," तो म्हणाला, "मला धडकी भरते ग. मला वाटतं, आता हिला कुठेतरी नेलं नाही तर..."

"मग काय म्हणू? माझ्याकडे दुसरा शब्दच नाही." ती म्हणाली. "कुठे जायला मिळत नाही म्हणून नाही येत कंटाळा. सगळं लांबून ऐकू येतं. तुम्ही ती बोट चालवत होतात, घामाघूम झाला होतात, तेव्हा मला कळत होतं की आता मला छान वाटायला हवं. वाटतच नव्हतं. मग तुमचा चेहरा बघितला की आणखी वाईट वाटायचं. म्हणून म्हणायचे, बरं होतं."

सोफेवाल्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. गावातल्या सगळ्यांना विचारून झालं होतं. जिला विचारायचं तिला सोडून.

"मग मी काय करू?"

"मला नाही माहीत."

"बरं," तो म्हणाला.

मिरीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. एरवी या जागी त्याच्याकडे पुढची बाग, पुढचं प्रदर्शन तयार असायचं. आज काही नव्हतं. नुसता भिजलेला बाप होता.

त्याने विचारलं, "ते... आत्ता आहे का मनात? मरायचं?"

"रोज नसतं. सकाळी होतं. आत्ता नाहीये. आत्ता मला तुमचा भयंकर राग आलाय."

"चालेल."

"चालेल काय! बुडाला असतात!"

"पुढच्या वेळी मनात आलं तर सांगशील?"

"सांगितलं तर आई रडेल."

"रडेल. मी पण रडेन. तरी सांग."

ती "हो" म्हणाली नाही. पण त्याच्या हातातला कप तिने काढून घेतला, कारण चहा त्याच्या मांडीवर सांडायला लागला होता.

टॉवेलवालीने हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतून त्याच्यासाठी कपडे शोधून दिले. त्याच्या मापाचं एकच निघालं, गुलाबी, मोठमोठ्या फुलांचा पायघोळ झगा. तो घालून, वर आपला ओला कोट चढवून तो मुलीबरोबर बसने घरी आला. बायकोने दार उघडलं, त्याला खालून वर बघितलं, मग मिरीच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. सगळं ऐकून झाल्यावर ती आधी त्याला फार बोलली, मग रडली, आणि रडता रडता त्या झग्याकडे लक्ष गेलं तेव्हा तिला हसू आवरेना. हसणंही धड नव्हतं ते. मिरी बाजूला उभी होती. मग तीही खाली फरशीवर बसली, आईच्या शेजारी.

"आई," ती म्हणाली, "खोलीचं दार लावून बसायचंय मला. थोडा वेळ. रोज."

आईने नवऱ्याकडे बघितलं. दोघांनाही एकदम "नको" म्हणायचं होतं.

हा प्रश्न डॉक्टरीणबाईंपुढे गेला. त्यांनी सगळी हकीकत न हसता ऐकली, फक्त झग्यापाशी त्यांना चष्मा पुसावा लागला. एक गोळी त्यांनी बदलली. म्हणाल्या, कडी नाही लावायची, पण दार लोटून थोडा वेळ बसू दे तिला. आणि सोफेवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही तिला सरळ विचारलंत ते बरं केलंत. विचारल्याने ते मनात येत नाही. आलेलं असेल तर बाहेर पडतं. मी विचारू नका म्हटलं ते खोदून खोदून नको, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती कुठे गेली नाही. त्यानेही कुठली जागा काढली नाही. दार लोटलेलं होतं, तो बाहेर खुर्चीवर बसून होता आणि खोकत नव्हता. सोफेवाल्याने आयुष्यात इतकं अवघड काम दुसरं केलं नसेल. बदकाची बोट त्यापुढे सोपी होती.

हे सगळं झाल्यावर मिरी बरी झाली, असं सांगता आलं असतं तर छान झालं असतं. तसं झालं नाही. मध्ये एक फार वाईट आठवडा आला. तेव्हा मिरीने दुपारी दुकानात येऊन नुसतं "बाबा, आज आहे" एवढंच सांगितलं. त्याने हातोडी खाली ठेवली आणि बायकोला फोन लावला. ती काउंटर टाकून घरी आली. आई रडली, तो रडला, मिरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आणि चार दिवस तिला तिथेच ठेवून घेतलं. त्यातून ती घरी आली.

तरणतलावाच्या व्यवस्थापकाचा मात्र निरोप आला होता. या गृहस्थांनी एक तर इथे परत पाऊल टाकू नये, नाहीतर पोहायला शिकावं. निरोप घेऊन आली ती टोपीवाली बाई. मोठ्या माणसांना पोहायला तीच शिकवायची. "उडी मारायची भीती गेलीच आहे तुमची," ती म्हणाली. "आता नुसतं वर यायचं शिकवायचं राहिलंय."

त्याने नाव घातलं. शिकवणीची वेळ भल्या सकाळी असायची. पहिल्या दिवशी निघताना मिरी जिन्यात चपला घालताना दिसली.

"तू कुठे?"

"वर बसून बघणार आहे."

"अग, कंटाळा येईल तुला," तो म्हणून गेला.

"येऊ दे," मिरी म्हणाली.

ती रोज येत नसे. काही सकाळी तिच्याने उठवतच नसे. तेव्हा आई घरी थांबायची आणि तो एकटा जायचा, पोहण्यात लक्ष लागायचं नाही, परत परत घड्याळ बघायचा. आली की मात्र वरच्या रांगेत पाय पसरून बसायची, आणि तो काठाला धरून पाय मारत असताना वरून तिचा आवाज यायचा, "गुडघे वाकवू नका! बेडूक नाही आहात तुम्ही!" टोपीवाली बाई म्हणायची, शिकवते कोण, मी की ती?

किती तरी दिवसांनी एका सकाळी त्याने काठ सोडला आणि हात मारले. एक, दोन, तीन, चौथा पाण्यात की हवेत ते त्यालाही कळलं नाही, पण तो बुडाला नाही. धडपडत पलीकडच्या दोरीला त्याने मिठी मारली, नाकातोंडातलं पाणी झटकलं आणि वर बघितलं.

मिरी फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

"बघितलंस?" तो ओरडला.

"काय?"

"काय म्हणजे! पोहलो मी!"

"खोटं."

"अग, विचार यांना!"

टोपीवाल्या बाईने दोन्ही हात वर केले, म्हणजे मला यात ओढू नका.

मिरीने फोन बाजूला ठेवला, कठड्यावर हात ठेवून पुढे वाकली आणि म्हणाली, "मी नाही बघितलं. परत करा."

"दमलोय ग."

"परत."

तो दोरी धरून धापा टाकत राहिला. मग वळला, पलीकडचा काठ किती लांब आहे ते एकदा बघून घेतलं, आणि दोरी सोडली.